ठरावातला ‘सर्व’ हा शब्द

२०१९च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक सभेने एक ठराव केला. मसुदा माझाच होता. ‘बंदुकीचे सर्व मोबाइल व संगणक खेळ मुलांच्या हाती देऊ नयेत, हे खेळ हिंसेचे शिक्षण देतात.’ सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. गल्लीगणिक एखादा तरी माणूस मिलिटरीत, आणि त्या वर्षी पारावर संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं माना खाली घालून पबजीत. रात्री दोन-तीनपर्यंत जागलेली मुलं माझ्या इतिहासाच्या तासाला पेंगायची. ठराव एकमताने मंजूर झाला आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

आज त्यातला एक शब्द मला मागे घ्यायचा आहे. ‘सर्व’.

तो शब्द बदलला एका युद्धखेळाने. २०२२च्या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला, सोबत इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि त्याचा टोलेजंग कॉम्प्युटर. त्यावर तो ‘आर्मा ३’ नावाचा खेळ रात्ररात्र खेळत होता. मी त्याला खडसावायलाच गेले होते. तो म्हणाला, “आत्या, आधी एक मिशन खेळ. मग काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.”

चालायचं कसं, वाकायचं कसं, नकाशा कसा उघडायचा हे शिकण्यातच पाऊण तास गेला. मग आठ जणांची तुकडी निघाली. बाकीचे त्याचे मित्र, कुणी नाशिकचा, कुणी कोल्हापूरचा, हेडफोनवर बोलत होते. टेकडीपलीकडच्या गावात पोचायचं होतं. मला रांगेत शेवटी ठेवलं. “आत्या, तुझं काम एकच. मागं बघत राहायचं.” चाळीस मिनिटं आम्ही नुसते चालत होतो. पळालं की धाप लागायची, धाप लागली की बंदुकीचं टोक हलायचं. पहिली दहा मिनिटं पोरांच्या गप्पा चालल्या, मग हळूहळू सगळे गप्प झाले. ऑलिव्हची झाडं, वाळलेलं गवत, कुठेतरी रातकिडा. पडद्यावरचं ते ऊन बघताना मला आमच्या माळरानाची आठवण येत होती.

आणि मग कानाशी चाबूक फुटावा तसा आवाज झाला. पुढचा मुलगा पडला. बंदुकीचा बार त्यानंतर ऐकू आला, लांबून, दबका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने, म्हणून गोळी आधी पोचते आणि बार मागून येतो. खेळ बनवणाऱ्यांनी ते जसंच्या तसं ठेवलं आहे. मी दगडी बांधाआड आडवी झाले. गोळी कुठून आली ते कळेना. कुणी दिसेना. पडलेला मुलगा हेडफोनवर काही बोलेना, कारण या खेळात मेलेल्याचा आवाज बंद होतो. माउसवरचा हात घामाने ओला झाला होता. बराच वेळ तशीच पडून होते. कंटाळून, की धीर सुटून, कोण जाणे, उठून उभी राहिले आणि पडदा काळा झाला. मला कुणी मारलं ते अजून ठाऊक नाही. उरलेला अर्धा तास मी बाकीच्यांचं मिशन बघत बसले, कारण मेलेल्याला लगेच परत येता येत नाही.

अडीच तासांच्या त्या खेळात मी एकही गोळी झाडली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलांना मी शिकवते की पानिपतावर इतके पडले, पहिल्या महायुद्धात इतके पडले. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, त्यांचा स्मृतिस्तंभ बघायला मी दरवर्षी सहल नेते. पण ‘आपल्याला कुणी मारलं हे न कळता मरणं’ म्हणजे काय, हे वीस वर्षं शिकवूनही माझ्या पोटात कधी उतरलं नव्हतं. ते एका खेळाने उतरवलं. युद्धाची हौस लावण्याचं पाप मी ज्या खेळांच्या माथी मारलं होतं, त्यांतलाच एक खेळ मला युद्धाची धास्ती शिकवून गेला.

हा खेळ बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या झेक कंपनीचा, २०१३ सालचा. त्यातलं आल्टिस हे बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलेलं, सुमारे २७० चौरस किलोमीटर. ते इतकं हुबेहूब करायच्या नादात कंपनीचे दोन कर्मचारी सप्टेंबर २०१२ मध्ये लेम्नोसवर पकडले गेले. लष्करी ठाण्यांचे फोटो काढले, हेरगिरी केली असा आरोप. चार महिन्यांहून जास्त काळ ते ग्रीक तुरुंगात होते, जानेवारी २०१३ मध्ये सुटले. खेळातल्या बेटाचं नाव आधी लेम्नोसच होतं, ते पुढे बदललं. खेळण्यातलं युद्ध आणि खरं युद्ध यांच्यातली भिंत किती पातळ आहे, हे त्या दोघांना आपल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं असेल.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. आमच्या पारावरच्या पबजीचं मूळ याच घराण्यात आहे. आधीच्या ‘आर्मा २’वर डीन हॉल या न्यूझीलंडच्या सैनिकाने २०१२ मध्ये ‘डे-झी’ नावाचा बदललेला खेळ रचला. त्यावर ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने शेवटचा उरेल तो जिंकला, अशी स्पर्धा बसवली. तीच कल्पना त्याने ‘आर्मा ३’वर नेली आणि २०१७ मध्ये तिचाच पबजी झाला. पुढच्या वर्षी तो मोबाइलवर आला आणि आमच्या पारावर पोचला.

या प्रवासात काय गळलं ते बघण्यासारखं आहे. गाव गळलं. पबजीत घरं आहेत, पण घरात राहणारं कुणी नाही. सगळी बेटं ओसाड. शंभर जण विमानातून उतरतात आणि आपले तीन सवंगडी सोडले तर दिसेल तो शत्रू. चालणं गळलं, कारण खेळायची जागा आक्रसत नेणारं निळं वर्तुळ मागे लागलेलं असतं. मरणाचा वेळ गळला. मेलात तर मिनिटाभरात दुसऱ्या विमानात बसून परत उडी. चार मित्रांची जिवाभावाची सोबत तेवढी उरली, आणि मुलं त्या सोबतीसाठीच तिथे जातात हे मला आता कळतं. पण युद्ध म्हणजे रिकाम्या गावातली शर्यत, हा धडा त्यासोबत फुकट मिळतो. एकाच मुळाच्या दोन फांद्या आणि दोघींची फळं इतकी वेगळी. माझ्या ठरावाने त्या एकाच कुऱ्हाडीने तोडल्या होत्या.

आपल्याकडच्या बंदीनेही हेच केलं, म्हणजे प्रश्नाला हातच लावला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीचं. हिंसेचा त्यात संबंध नव्हता, तरी आमच्या शाळेत पेढे वाटावेत असं वातावरण होतं. आठवड्याभरात पोरं दुसऱ्या खेळावर गेली. २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पैशाचे खेळ बंद झाले हे चांगलंच झालं, गावात कर्जबाजारी झालेली पोरं मी बघितली आहेत. पण एखादा खेळ मरणाबद्दल, समोरच्या माणसाबद्दल, युद्धानंतरच्या गावाबद्दल मुलाला काय सांगतो, हा प्रश्न कुठल्याच निर्णयात आला नाही. आपल्या चर्चेत दोनच शब्द आहेत, ‘व्यसन’ आणि ‘हिंसा’. पहिल्यावर डॉक्टरांचं काम चालू आहे; जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. दुसऱ्याबद्दल अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं की हिंसक खेळांमुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र थोडा संबंध दिसतो. म्हणजे ‘हे खेळ हिंसेचे शिक्षण देतात’ हे माझं ठरावातलं वाक्य मी अभ्यास न करताच ठोकून दिलं होतं.

२०१७ मध्ये ‘आर्मा ३’ला एक जोड आली, ‘लॉज ऑफ वॉर’, म्हणजे युद्धाचे कायदे. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीशी सल्लामसलत करून ती बनवली आणि तिच्या त्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातला निम्मा वाटा समितीला दिला. त्यात तुम्ही सैनिक नसता. युद्ध संपल्यावर एका उद्ध्वस्त गावात सुरुंग काढायला आलेला मदत संस्थेचा माणूस असता. एक पत्रकार बाई फोनवर त्याला विचारत असते, इथे काय झालं? उत्तर शोधत तो गावातून फिरतो आणि कथा मागे मागे जाते. तेच गाव कधी सैनिकाच्या डोळ्यांनी दिसतं, कधी बंडखोराच्या, कधी गावातल्याच साध्या माणसाच्या. सुरुंग आणि बॉम्ब कुण्या एकाच बाजूचे नसतात.

हे मी मामांना दाखवलं. मामा बॉम्बे सॅपर्समध्ये होते, खडकीला भरती झाले आणि हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर ऑपरेशन पराक्रमसाठी सैन्य सीमेवर गेलं, तेव्हा ते राजस्थानात होते. सुरुंग पेरायचं आणि पुढे तेच उकरून काढायचं काम सॅपर्सचं. त्या वर्षी एकही लढाई न होता सुरुंगांनी आपलेच किती जवान नेले, शेतकऱ्यांची किती रानं अडकून पडली, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मामाही कधी बोलले नव्हते. आम्ही विचारलं की म्हणायचे, “होतं तसलंच काम.”

भाच्याने कॉम्प्युटर लावला. मामा खुर्चीत पाठ ताठ करून बसले. खेळातला माणूस यंत्र घेऊन सुरुंग शोधत निघाला तसे ते चिडले.

“उभा काय चालतोय हा? झोपव त्याला. आणि सळई कुठाय?”

“आजोबा, यात सळई नाही. यंत्र आहे.”

“यंत्राचं एक सांगतो, ते प्लास्टिकला फसतं. सळई तिरकी घालायची, उभी नाही. उभी घातली की वरच्या टोपणावर दाब येतो. तिरकी गेली की कडेला लागते. हाताला कळतं, दगड आहे का ते आहे.” त्यांनी टीपॉयवरची सुपारी कातरायची अडकित्त्याची दांडी घेतली आणि सतरंजीत तिरकी धरून दाखवली. हात जरासुद्धा हलत नव्हता. मग म्हणाले, “आणि वाळू सरकते. आपण नकाशात मांडलं एकीकडं, सहा महिन्यांनी ते असतं तिसरीकडं. पांढरी फीत लावून ठेवलेली, तीबी उडून गेलेली.”

तासाभराने, पडद्यावर त्या गावातलं एक पडकं घर होतं तेव्हा, त्यांनी आपल्या शेजारच्या तंबूतल्या एका जोडीदाराचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. मामींनी ते वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

जगात भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ साली झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांनीही नाही. २०२५ मध्ये तर फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देश रशियाच्या भीतीने त्यातून बाहेर पडायला निघाले. सीमेवरच्या देशाला सुरुंग का हवेसे वाटतात, हे मी समजू शकते. मामाही म्हणतात की कधी कधी लागतात. पण त्यांची किंमत कोण मोजतं आणि किती वर्षं, हे ठाऊक असलेल्या नागरिकांनी मग काय ते ठरवावं. नववीच्या मुलापुढे हा विषय कसा काढायचा, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

माझ्या या मतपरिवर्तनावर जे आक्षेप येतात, त्यांतले दोन मला खरोखर जड वाटतात.

पहिला असा की असे खेळ सैन्याच्याच कामाचे असतात. खरं आहे. आर्माच्याच घराण्यातलं व्हीबीएस हे सॉफ्टवेअर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या सैन्यांनी प्रशिक्षणाला वापरलं. अमेरिकेच्या सैन्याने तर ४ जुलै २००२ रोजी ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळच काढला, तरुणांना भरतीकडे ओढायला, फुकट. तो २०२२ पर्यंत चालला. त्यातली एक युक्ती मला फार अस्वस्थ करते. दोन संघ एकमेकांशी लढत, पण प्रत्येकाला आपला संघ अमेरिकी सैनिकांचा दिसे आणि समोरचा शत्रूचा. म्हणजे आपण कुणाच्या तरी पडद्यावर शत्रू आहोत, हे खेळणाऱ्याला कधी दिसतच नसे. त्याच खेळात २००६ पासून जोसेफ डिलॅप हा अमेरिकी कलावंत शिरायचा, बंदूक न उचलता उभा राहायचा आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं एकेक करून टाइप करायचा. लोक त्याला गोळ्या घालायचे, शिव्या द्यायचे. तो परत यायचा आणि पुढचं नाव लिहायचा. मी आर्माची बाजू घेते म्हणून या धंद्याकडे डोळेझाक करणार नाही. आर्मातला शत्रूही शेवटी इराण आणि चीनच्या पुढाकाराची एक काल्पनिक आघाडीच आहे, नायक नाटोचा आहे. २०१९च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’मध्ये तर ‘हायवे ऑफ डेथ’चं कृत्य रशियाच्या नावावर टाकलं आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडे माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर त्या नावाने ओळखला जाणारा बॉम्बवर्षाव केला होता अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला याचा संताप येतो. पण हा संताप मला आला, कारण आता मी खेळात काय आहे ते बघते. ‘सर्व’ लिहिणाऱ्या बाईला हा फरक दिसलाच नसता.

दुसरा आक्षेप, इतक्या खऱ्याखुऱ्या दिसणाऱ्या खेळाने खोटं पसरतं. हेही खरं. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी चक्क ‘आर्मा ३’चं चित्रण दाखवलं. युक्रेन युद्धात इतकं झालं की २०२२ मध्ये कंपनीलाच सांगावं लागलं, असं खोटं कसं ओळखायचं ते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या रात्री आमच्या गावच्या ग्रुपवर विमान पाडल्याचा व्हिडिओ आला. निवृत्त माणसांनीही तो पुढे पाठवला. मी भाच्याला पाठवला. दहा सेकंदांत उत्तर, “आत्या, हा गेम आहे. धूर बघ, सगळीकडे एकसारखा. माणूस एकही हलत नाही. आवाज काढून टाकलाय.” त्या दिवसांत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयालाही खेळांतली चित्रणं खोटी म्हणून जाहीर करावी लागली. त्या रात्री गावात ज्यांचा मुलगा, नवरा सीमेवर होता त्या बायकांनी तो व्हिडिओ बघून काय सोसलं, ते मी शेजारी बसून बघितलं आहे. त्यांना धीर देऊ शकला तो खेळ खेळलेला पोरगा. मग आम्ही आमच्या मुलांना अडाणी ठेवायचं का, आणि कशासाठी?

यंदा जूनच्या सभेत मी दुरुस्ती मांडली. ‘सर्व’ काढावा. त्याऐवजी वय बघावं, वेळ बघावा, आणि आठवीपासून पुढे वर्षातून चार तास तरी शिक्षकांनी मुलांसोबत एखादा खेळ उघडून त्यावर बोलावं: यात शत्रू कोण, त्याला घर आहे का, मेल्यावर काय होतं, गोष्ट कुणी लिहिली. धडा शिकवतो तसंच. जिनिव्हा करारांचं वर्ष १९४९ हे आम्ही रिकाम्या जागा भरायला देतो. जखमी शत्रूवर गोळी झाडायची नाही हा त्यातला नियम मुलाच्या बोटाखाली एकदा येऊ द्या, तो विसरणार नाही.

एक आई उठल्या. शेतमजुरी करतात. म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या भाच्याला वीस वर्षं आणि दोन लाखांचा कॉम्प्युटर. माझा पाचवीत आहे आणि घरात एकच मोबाइल, माझा. तुम्ही ‘सर्व’ काढलं की तो म्हणणार, मॅडमनी परवानगी दिली. मी रानात असते. त्याच्याजवळ बसून बोलणार कोण?”

माझ्याजवळ याचं पूर्ण उत्तर नव्हतं, आजही नाही. चांगला खेळ महाग आहे आणि उथळ खेळ फुकट, ही गोष्ट मी माझ्या उत्साहात विसरले होते. म्हणून दुरुस्तीत आता सातवीपर्यंत पूर्ण मनाईच ठेवली आहे, आणि जे काही दाखवायचं ते शाळेतच, सगळ्यांना एकत्र, असं लिहिलं आहे. त्या बाईंना मी मसुदा घरी नेऊन वाचून दाखवला. त्यांनी एक ओळ घालायला लावली, मोबाइल रात्री नऊला आईच्या उशाशी. ती घातली.

मतदान पुढच्या सभेवर गेलं. दोन शिक्षक विरोधात आहेत, मुख्याध्यापक म्हणतात आधी बघू तरी काय आहे ते. म्हणून दिवाळीनंतर पहिल्या शनिवारी शाळेच्या सभागृहात भाचा कॉम्प्युटर घेऊन येणार आहे आणि सुरुंग काढणाऱ्या माणसाची ती गोष्ट पालकांसमोर खेळणार आहे. मामांना विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. येतो म्हणाले, पण पडदा लावायच्या आधी अर्धा तास मला द्यायचा, मैदानातली माती ओली करून ठेवायची आणि चार पोरं पुढं काढायची. आडवं झोपून सळई कशी धरतात ते दाखवतो, मग लावा तुमचा खेळ.